लाँग केस

अंबाजोगाई. वॉर्ड नऊ, चौथी खाट.
लिंबाजी करे, वय छप्पन्न, कंबर धरून कुशीवर.
सकाळपासून तिघांनी पोट दाबलंय,
तिघांनी जीभ काढायला लावलीय,
आता पांढरा कोट दिसला
की तो आपणच तोंड उघडतो.

छत्तीस नंबर खडाखडा बोलला.
संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, मणक्याचा क्षय,
चार औषधं, चारींची मात्रा, किती महिने.
कुठं अडला नाही.
फाइलीतही तेच होतं.
वॉर्डबॉय खिडकीशी उभा राहून
जरा जास्तच लक्ष देऊन बाहेरचा लिंब बघत होता.
मी पंचवीसपैकी एकवीस दिले.

सदतीस नंबर : मुक्ता वाव्हळ.
हातोडी विसरलेली, उसनी आणली.
पाठीवरून बोट फिरवलं,
एका मणक्यावर थांबलं, पुढं गेलं,
परत आलं.
"क्षय," म्हणाली. मग, "असेल, सर."
असेल म्हणजे?
गप्प.
मला नांदेडची गाडी गाठायची होती.

तिनं माझ्याकडे पाठ केली
आणि परीक्षेतली मराठी खाली ठेवून विचारलं,
"मामा, औंदा शेळ्या गाभडल्या का वो?"

लिंबाजी दिवसात पहिल्यांदा उठून बसला.
"तीन गाभडल्या की, बाई.
म्याच वढून काढली करडं, ह्या हातानं.
पर हे इथं कुनी इचारलंच न्हाई."

तिला त्या तापाचं नाव आठवेना.
ओठांवर यायचं, मोडायचं.
"नाव सांगता येत नाही, सर.
पण क्षयावर मी थांबणार नाही.
आधी रक्त पाठवीन."
बेल वाजली.

हिस्टरी, तपासणी, निदान, उपचार :
रकाने एवढेच.
माघारी आलेल्या बोटाला रकाना नाही.
पेनाचं टोपण लावलं, काढलं.
वरच्या एकवीसवरची शाई वाळून गेली होती.
तीस वर्षं मी ताप बघतोय,
शेळ्या किती जणांना विचारल्या,
मोजायला गेलो नाही.

तिला किती दिले, सांगत नाही.
रक्ताची चिठ्ठी मात्र मी लिहिली,
परीक्षकाची सही चालत नाही तिथं सही केली.
रिपोर्ट आठ दिवसांनी,
गुण आजच पाचच्या आत.

निघताना पाहिलं, लिंबाजी अजून बसलेलाच.
अडतीस नंबरनं टेथोस्कोप कानाला लावला
तशी त्याच्याकडे वाकून
हळूच म्हणाला,
"शेळ्याचं बी इचारा, साहेब. मार्क हायेत त्याला."