दुसऱ्या पातळीचा चेंडू

सावद्यात, खतांच्या दुकानाला लागून
माझं दुकान: जळालेल्या मोटारी.
पाच हॉर्सपॉवर, साडेसात,
केळीच्या बागांतून टेंपोत आडव्या पडून येतात.
काळी तार उपसायची, खाचा पुसायच्या,
पुन्हा भरायच्या. छत्तीस खाचा, वेढे मोजून.
एकतीस वर्षं मी आकडे म्हणतच जेवतो.

रात्री शटर अर्धं ओढून
मी जपानी चेंडू करतो. तेमारी.

"भागवतभाऊ, हे काय करू राह्यले?"
"परीक्षा आहे."
"कशाची?"
"चेंडूची."
मग मोटार कधी मिळेल, एवढंच विचारतात.

पुस्तक भाचीने दिलं, ती नागोयाला असते.
अक्षर एक कळत नाही, पण आकृती
मला वर्तमानपत्रापेक्षा सोपी.
आत ते भाताचा कोंडा भरतात.
मी जिनिंगमधून मूठभर सरकी आणली,
चिंधीत बांधली, वर लोकर,
वर शिवणाचा दोरा, आडवा, तिरपा, कसाही,
लोकर दिसेनाशी होईपर्यंत.
इथे मोजायचं नाही, असं लिहिलंय म्हणे.
महिनाभर हेच जमेना.
हात कसाही फिरे, तोंड म्हणे एकशे बारा, एकशे तेरा.

पुढचं सगळं माझंच होतं.
खाचेत घालतो त्या कागदाची पट्टी,
तिने चेंडूचा घेर घेतला, घडी घातली,
वर टाचणी, खाली टाचणी, पोटावर पट्टा.
बारा पंचकोन, सोनेरी जरीने आखलेले,
आणि प्रत्येकात शेवंती,
पाकळीवर पाकळी, दोऱ्याला दोरा चिकटून.
व्हर्नियर लावून पाहिला. कुठेही अर्धा मिलिमीटर नाही.

पहिला चेंडू भाचीच्या बॅगेतून गेला.
नापास.
फोनवर तिने चिठ्ठी वाचली, अडखळत:
"बाई लिहितात, मापं चोख आहेत.
दोरा रुतलाय. तुम्ही काय बांधून ठेवताय?"

काय सांगू त्या बाईंना.
तार सैल राहिली की थरथरते,
शेजारच्या तारेला घासते, लाख उडते,
आणि मे महिन्यात, भर दुपारी, धूर.
एक मोटार तीनदा परत आली होती.
टोपलू वायकोळे काही बोलला नाही.
पुढच्या वर्षापासून फैजपूरला जाऊ लागला,
माझ्याच दारावरून.

दुसरा केला. दर टाक्याला बोट उचललं.
पोस्टात खिडकीतल्या पोराने फॉर्म पुढे केला.
"आत काय?"
"दोरा."
त्याने कानाशी धरून हलवला.
"आणखी?"
"सरकी."
"बियाणं परदेशात चालत नाही, काका."

उन्हातून परत आलो. पाणी प्यायलो.
टेबलाखाली पत्र्याचा डबा असतो, उपसलेल्या तारेचा.
भंगारवाला महिन्याला नेतो.
त्यातली चिमूटभर कातरली, तांदळाएवढी,
काडीपेटीत घातली,
पेटीभोवती चिंधी, लोकर, दोरा.
लाइट गेली होती. घाम दोऱ्याला लागू नये म्हणून
दर दोन मिनिटांनी पंचाला हात पुसत,
आणि तोंड बंद होतं.
हे मला पहाटे कळलं,
जेव्हा किती झाले ते सांगता येईना.

फॉर्मवर मालाची किंमत लिहायची असते.
पोरगा म्हणाला, शंभर टाका.
व्यवसाय मात्र मी ठळक लिहिला, वाइंडर.

दोन महिने झाले. उत्तर नाही.
सरकीचा चेंडू फळीवर आहे, कंडेन्सरच्या खोक्यांजवळ.
नवी भरलेली मोटार तपासायला लावली
की फळी गुणगुणते,
तो बोटभर सरकतो,
आतली सरकी कूस बदलते.
गिऱ्हाईक वर बघतं.
"उंदीर?"
मी मोटारीवर तळहात ठेवून असतो.
तापतेय का बघतो.