बोंडू

वाळपईच्या बसमधून उतरले तेव्हा कुडता पांढरा होता.
सुकांतीने बघून एवढंच म्हटलं,
"काढ तो. डाग जन्मात जात नाही,"
आणि नवऱ्याचा जुना शर्ट अंगावर फेकला,
सात-आठ हंगामांचे तपकिरी नकाशे असलेला.

डोंगर तापलेला. पाचोळा पायाखाली
पापडासारखा मोडत होता.
वास आधी आला,
गोड, आंबूस, लग्नघरातल्या उशिरा रात्रीसारखा.
मग झाडं. पिवळे, तांबडे,
एकदोन तर असे शेंदरी
की हात लावण्याआधी कुणाला तरी विचारावं.

सुकांती पिरगळते, बी टोपलीत.
बी म्हणजे गोणी, वजनकाटा, सोसायटीची पावती,
धाकट्याची फी.
बोंडू ढिगावर.
ढीग उद्या पायाखाली, परवा भट्टीवर.
माझं सगळं लक्ष ढिगात.

"मीठ आणलंस?"
आणलंय. पुडी पर्सच्या त्या कप्प्यात
जिथे ऑफिसच्या कपाटाची चावी असते.

पुढे वाकायचं. कोपरं अंगापासून लांब,
भांडायला उभं राहिल्यासारखं.
दात नाही, आधी ओठ.
मग चावा,
आणि रस असा येतो
की फळ नव्हतंच ते, नुसतं पाणी
कुणीतरी पातळ कातडीत बांधून उन्हात टांगलेलं.
गोड.
गोड, आणि लगेच घसा धरतो,
जीभ मांजराची होते.
मीठ. परत गोड. परत तो तुरट हात गळ्याशी.
पाचव्यानंतर मोजणं सोडलं.

पणजीत मिळत नाहीत असं नाही.
मार्केटच्या पायरीवर एखादी बाई वाटे लावून बसते,
पण दहापर्यंत ते दमतात, पाणी सोडतात,
बसचा प्रवास त्यांना मानवत नाही.
मला मानवला. बावीस वर्षं.

"तुझा आवाज बसला गो," सुकांती हसते.
बसलाच होता. सोमवारी काउंटरवर
खुणेनं सांगेन लोकांना:
फॉर्म तो नव्हे, हा. सही इथे.

उतरताना तिने मूठभर बिया पुढे केल्या,
"भाजून खा घरी."
माझे दोन्ही हात भरलेले.
कोपरापर्यंत ओघळ, हनुवटीवर माश्या,
आणि शर्टावर, खिशाच्या जरा खाली,
एक नवं बेट,
अजून ओलं,
अजून रंगही न आलेलं.