देगलूरच्या खदानीत

काळ्या दगडाचं राज्य इथं संपतं.
पुढं सगळा पट्टेरी:
एक ओळ पांढरी, एक काजळी,
मधेच कणकेसारखी वळलेली.

मी हातोडी घेऊन आलो वय विचारायला.
"अडीच अब्ज वर्षं," म्हणालो.
नरसव्वा हसली,
"एवढं म्हातारं, तरी छिन्नी मोडतंय."
मग घडीवर बोट ठेवलं,
तांबड्या, मसुरीएवढ्या मण्याशेजारी:
"हितं कुणीतरी लई दाबलंय ह्याला."

कुणीतरी म्हणजे एक अख्खा खंड,
समुद्र गिळत आलेला,
वितळू न देता भाजत ठेवणारा.
नंतर तो निघूनही गेला.
सांधा तेवढा राहिला.

नमुना पिशवीत टाकला.
चिठ्ठीवर तारीख लिहायची होती.
आजची लिहिली.