पाचपर्यंत

उल्रिकेचा मात्स चारदा पडला
पांडवलेणीच्या पायऱ्यांवर, एका रविवारी,
आणि चारही वेळा ती जागची हलली नाही.
मी मात्र चारही वेळा उठले,
हातात डब्याचं झाकण, झाकणात शिरा,
आणि चारही वेळा तिने माझं मनगट धरलं.
"थांब."
हा एवढा एक मराठी शब्द तिला
सातपूरच्या रिक्षावाल्यांकडून मिळालाय.
बाकीचं इंग्रजीत: पाचपर्यंत मोज. मग जा.

मात्सने गुडघा पाहिला.
आईकडे पाहिलं. रडण्याचा हिशेब केला,
परवडेना बहुतेक,
आणि चड्डी झटकून वर निघाला,
तीन वर्षांचा, एखाद्या निवृत्त सुभेदारासारखा.

आमचा अवधूत आठ वर्षांचा.
मी अजून त्याच्या मागे घास घेऊन फिरते,
हा काऊचा, हा चिऊचा,
हा त्या सातपूरच्या चिमणीचा,
जी उडत नाही, नुसती धूर सोडते.
यावर तो दरवेळी हसतो आणि त्या हसण्यात
मी अर्धी पोळी सारते.
रात्री त्याचा पाय माझ्या पोटावर नसला
की मला झोप लागत नाही.
त्याला लागते का,
कधी विचारलं नाही.

उल्रिकेची तान्ही लोटे वेगळ्या खोलीत झोपते.
दार बंद, दिवा बंद,
बाहेर डिसेंबरातलं नाशिक, दात वाजवणारं.
तिची आणि आमची भिंत एकच.
ती रडायला लागली की माझ्या सासूबाई उठून बसतात.
"आई आहे का दगड!" म्हणतात,
आणि अंधारात भिंतीवर
हळूहळू थोपटत राहतात.
अलीकडून.
कधी कधी लोटे थांबतेसुद्धा.

खाली पार्किंगमध्ये रंजना गावित राहते.
सुरगाण्याहून आलेले ते, द्राक्षांच्या हंगामाला,
हंगाम सरला, नवरा वॉचमन झाला.
तिची वनिता सहा वर्षांची,
कडेवर धाकटा, दुसऱ्या हातात पाण्याची कळशी,
आणि कळशी हिंदकळत नाही.
मी रंजनाला आमची भानगड सांगितली,
पोर पडलं की धावायचं, का मोजायचं.
ती पदरात तोंड लपवून हसली.
"ताई, मोजाया येळ लागतो," म्हणाली.
"अन् धावायाबी."

मग एका संध्याकाळी
अवधूत सायकलवरून पडला, गेटपाशीच.
मी ठरवलं, आज मोजू.
एक.
त्याने कोपर पाहिलं.
दोन.
माझ्या चपलेतला अंगठा पुढे सरकला,
मी मागे घेतला.
तीन.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
आणि मी पाहतेय, हेही पाहिलं.
चार.
उठला. सायकल उचलली. हँडल सरळ केलं.
पाच म्हणायला कुणी उरलंच नाही.

उल्रिकेने गॅलरीतून टाळ्या वाजवल्या.
मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू,
शिरा केला त्या रात्री.

झोपताना त्याचा पाय आला नाही.
भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
"आई, तू तिथेच होतीस ना?"
"हो."
"मग?"

भिंतीपलीकडे लोटे रडत होती.
सासूबाई गावाला गेलेल्या.
मी हात लांबवला,
आधी त्याच्या पाठीवर, मग त्याच्यावरून पुढे, भिंतीवर,
आणि कुणाला थोपटतेय ते
माझं मलाच कळेना.

परवा मात्स पुन्हा पडला, पार्किंगमध्ये.
उल्रिके वर होती, फोनवर.
तो उठला नाही. इकडेतिकडे बघत बसला,
ओठ तयार ठेवून.
मी जिन्यावर होते. एकपर्यंतही पोचले नव्हते,
तोवर वनिताने धाकट्याला खाली ठेवून
त्याला उचललं होतं.
सोनेरी केसांतली माती ती फुंकरीने उडवत होती
आणि काहीतरी म्हणत होती त्याला,
तिच्या भाषेत, जी आम्हा कुणालाच येत नाही.
मात्स मान डोलावत होता.

तिच्या स्वतःच्या गुडघ्याला खपली धरलेली.
केव्हाची, कुणास ठाऊक.