स्वानेतीचं मीठ

त्सियालाबाईंनी निघताना पुडी दिली हातात:
लसूण, मेथी, डोंगरातलं काहीबाही घालून कुटलेलं मीठ.
जुंबेर टपावर माझी बॅग बांधत होता,
गाठ मारायची, सोडायची, परत मारायची.

पहिल्याच दिवशी निळ्या कपाचा कान
माझ्या हातून तुटला.
तुटकी बाजू भिंतीकडे करून
मी तो गुपचूप फळीवर ठेवला.
दुसऱ्या सकाळपासून चहा त्याच कपात.
कोणी काही बोललं नाही.
दोन्ही तळव्यांत धरून प्यायचो,
समोर बर्फाचा उश्बा
आणि हात गरम.

त्बिलिसीच्या विमानतळावर पोरसवदा अधिकाऱ्यानं
पुडी हुंगली,
आईकडे जाऊन आल्यासारखा हसला, परत दिली.
बॅगेतले सगळे सदरे लसणाचे.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
विमानात दिवे मालवले, सगळे झोपले.
मी जागा.