किंचित समुद्र

तीन हॉटेलं, एक मोबाइल, तडकलेली काच.
कुठलंही हॉटेल उघडलं
तरी तडा नेमका पाण्यावरूनच जातो.

विडी घरकुलात रात्रीचे साडेदहा.
स्लॅब अजून दुपार सोडतोय हळूहळू.
गोवर्धन पालथा पडून बोट फिरवतोय,
मी त्याच्या खांद्यावरून बघतेय
देवबागचे फोटो,
भिशीचे अठरा हजार डोक्यात धरून.

पहिलं 'सागरझुला'.
पडद्यापासून पायांपर्यंत समुद्रच समुद्र.
दुसरं 'माडाची सावली'.
त्यांनी स्वतःच लिहिलंय, समुद्र किंचित दिसेल.
त्या किंचितचे सहाशे जास्त.
"किंचित म्हणजे किती असेल बे?"
म्हटलं, नव्या पेठेत भाव ठरायच्या आधी
दुकानदार पदर उलगडतो ना,
तेवढा.

तिसऱ्याला नाव असं नाहीच.
रुझारिओ यांच्या खोल्या.
खिडकीतून विहीर दिसते.
समुद्र चालत चार मिनिटं.

कारखान्यात कामुर्तीबाई जाऊन आलेल्या,
त्या म्हणतात हॉटेल कुठलंही घ्या,
वाळू कानातून निघायला आठवडा लागतो.

सागरझुल्यात बाथटब आहे.
मी तो घागरींत मोजला.
वीस. नाही, बावीस.
आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही पहाटे तीनला, चोरासारखा.
आतल्या खोलीतून अत्तम्मा विचारतात,
"नीळ्ळु उन्नाया?"
आहे की पाणी, दिसेल तिथवर आहे.
पण खारं.
मग भांडी कशात घासतात, म्हणाल्या,
आणि कूस बदलून झोपल्या.

पुढचा फोटो पलंगाचा.
पांढऱ्याशुभ्र चादरीवर
टॉवेलचे दोन हंस, माना जुळवून बसलेले.
थांब, म्हटलं. मोठं कर.
अजून.
काठाला दोन रेघा,
मध्ये जोंधळ्याच्या दाण्याएवढी नक्षी.

आमचाच.
साडेचारशे ग्रॅमचा, अक्कलकोट रोडचा,
पाच नंबरच्या शेडमधला.
घडी करणारी मी,
सुटे धागे कापणारी मी,
बारा-बाराचे गठ्ठे बांधून
टेम्पोत चढवताना
कुठं चाललेत कधी विचारलं नाही.
डाव्या हंसाच्या मानेपाशी
एक धागा लोंबतोय अजून.
तो माझ्या कात्रीतून सुटलेला.

माझ्याआधी पोचले.
किती वेळा ओले झाले असतील,
किती अनोळखी पाठी पुसल्या असतील,
दोरीवर वाळताना
कसला वारा लागला असेल.
मी चौदा वर्षं शेडमध्ये,
नाकात कापूस, कानात लूम.

"मग हेच घ्यायचं?" गोवर्धन म्हणाला.
एका रात्रीचे बेचाळीसशे.
म्हटलं, आपलाच टॉवेल
आपणच भाड्यानं घ्यायचा?
तो गप्प झाला.
मग रुझारिओंच्या पानावर परत गेला,
अगदी खाली, बारीक अक्षरात:
टॉवेल मिळणार नाही. सोबत आणावा.

एवढं हसलो
की श्रावंती उठून बसली, रागावली.
घरात सेकंड मालाचे तेवीस आहेत, पोरी,
काठ वाकडे, नक्षी चुकलेली,
तेवीस!

तो पुढचं बटण दाबणार
तेवढ्यात गल्लीत कुणीतरी ओरडलं, पाणी!
आज चार तास आधी.
मोबाइल गादीवर तसाच टाकून
दोघं घागरींकडे धावलो.
पिंप भरलं, हंडे भरले,
शेवटी पातेली, तांब्या, श्रावंतीची शाळेची बाटली.

ओल्या पायांनी आत आले तर
अत्तम्मा जाग्या.
मोबाइल उलटा धरलेला,
समुद्र वर, आभाळ खाली,
आणि पदराच्या टोकानं
त्या काचेवरचा तडा पुसत होत्या.