तार गुंडाळण्याचे दिवस

तेविसाव्या वर्षी ही तार मी ओढली,
कोल्ह्याचं नाकसुद्धा शिरू नये अशी,
खाली दगडांची ओळ दाबून, हातभर खोल.
एकसष्टाव्या वर्षी तीच तार उलटी गुंडाळतोय.
मजुरी दोन्हीची मिळाली.
कारूच्या या माळावर काम संपत नाही,
नुसती कूस बदलतं.

शेवटची मेंढरं मार्चात गेली, तीन ट्रक भरून.
स्ट्रिडोमबाई फाटकात उभ्या होत्या,
ओठांतल्या ओठांत मोजत, सवयीनं,
आणि आकडा नेमका जुळला तेव्हा
इतक्या हिरमुसल्या,
जणू एखादी तरी कमी भरायला हवी होती,
शोधायला जायला.

आता पाटी लागलीय : क्लिपक्राल अभयारण्य.
लोकर कातरायच्या शेडमध्ये चार खोल्या झाल्या,
पांढऱ्या चादरी, खिडकीशी दुर्बीण.
भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा मुद्दाम ठेवल्यात,
पाच-पाचाच्या जुड्या, माझ्या आणि फ्लोरिसच्या,
कोणी दिवसाला किती कातरली त्याच्या.
पाहुणे त्यांचे फोटो काढतात.
एका बाईनं विचारलं, ही कुठली लिपी?
म्हटलं, पाठदुखीची.

फळ्या तीनदा धुतल्या सोड्यानं,
तरी ऊन तापलं की जमिनीतून वर येतो
मेंढीच्या अंगाचा तुपकट वास.
सीना म्हणते, येऊ दे,
तेवढा एकच पाहुणा फुकट राहतो.
आणि वाख्टर, आमचा म्हातारा कुत्रा,
सांजेला पाहुण्यांनाच हाकून ओट्यावर आणतो.
त्याला कोणी कळवलेलं नाही.

पूर्वी कोल्ह्याच्या शेपटीला इनाम होतं.
मी अठ्ठ्याऐंशी दिल्या, मोजून.
आता उघड्या गाडीत सहा जण बसवतो
आणि दबक्या आवाजात सांगतो,
तो बघा, डाव्या हाताला, वारुळापाशी, काळ्या पाठीचा.
त्यांचे श्वास अडकतात.
मी त्याच जागा दाखवतो जिथं सापळे लावायचो;
त्यानं वाट बदललेली नाही.
एवढं कसं ठाऊक, म्हणून कोणी खोदून विचारत नाही,
आणि बक्षिशीची नोट घेताना
उजव्या हाताचं पहिलं बोट
मी मुठीत दडवतो.

एक गोष्ट मात्र त्यांच्या रंगीत पत्रकात नाही.
उत्तरेची तार निघून चार महिने झाले,
खांबांचे खड्डे बुजले, तिथं पिवळी फुलंही आली,
तरी स्प्रिंगबॉकचा कळप येतो,
त्या नसलेल्या रेषेशी थबकतो,
माती हुंगतो,
वळतो.
पलीकडे गवत गुडघाभर.

नोलुथांडो, ती वहीवाली पोरगी, म्हणते,
आयांकडून शिकतात ती. एक पिढी जावी लागेल.
मी मान डोलावली.

परवा अंधार पडताना मी तिथूनच घरी येत होतो,
खांद्यावर तारेचं भेंडोळं,
आणि हात आपोआप पुढे गेला,
कडी काढायला.
काढली.
आत आलो.
मग मागे वळून, बापानं शिकवलं होतं तसं,
नीट लावूनही घेतली.